पुन्हाबाईंची कोरी बाटली

माझ्या बहिणीला घरात साधा प्रश्न विचारायची सोय नाही. "ताई, डब्यात साखर आहे का गं?" असं विचारलं की ती डबा उघडणार, आत चमचा फिरवणार, झाकणाची कड बघणार आणि सांगणार, "आढळली नाही." अगं, सरळ नाही म्हण ना! पण छे. "नाही" आणि "आढळली नाही" यात म्हणे जमीन-अस्मानाचा फरक आहे. चौतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत विषं शोधण्यात गेली तिची, आणि तेवढीच वर्षं मी हे ऐकत आलेय. डोकं उठतं माझं. पण बाहेरच्या कुणी तिची टिंगल केली तर त्याची खैर नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

मी शिवणकाम करते. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या वडिलांची लॉन्ड्री होती, एवढीशी, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. एकदा एक गिऱ्हाईक पांढरा कोट नाचवत तणतणत आलं. "हा डाग तुम्ही पाडलात, नवा कोट घेऊन द्या!" वडील स्वभावानं अगदी गरीब, ते हात जोडायच्याच बेतात होते. तेवढ्यात ताईनं, तेव्हा असेल बारा-तेरा वर्षांची, गिऱ्हाइकाच्या हातातून कोट घेतला. आतून लिंबाची फोड आणली. आधी ती कोटाच्या आतल्या स्वच्छ कोपऱ्यावर पिळली आणि थांबली. काही झालं नाही. मग डागावर पिळली, चोळली. डाग फिकट झाला.

"काका, हा गंज आहे," ती म्हणाली. "आमचे सगळे हँगर लाकडी आहेत. तुमच्या कपाटात लोखंडी खिळा आहे का बघा."

काका पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवशी आले ते मान खाली घालून, कोट घेतला आणि चालू लागले. मी तिला विचारलं, "तू आधी चांगल्या जागी लिंबू का पिळलंस?" तर म्हणाली, "डाग लिंबानं हलला की नुसत्या लिंबाचाच काही खेळ आहे, ते कळायला नको?" मी सात वर्षांची. मला काही झेपलं नाही. पण वडिलांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटेल असं वाटलं.

पुढे ती रसायनशास्त्र शिकली, परीक्षा दिली आणि प्रयोगशाळेच्या विषविभागात लागली. त्या विभागात तोवर बाईमाणूस आलेलंच नव्हतं. पहिल्या दिवशी स्टोअरकीपरनं विचारलं, "चहापाण्याचं बघायला आलात का?" ही म्हणाली, "नाही, सोमल बघायला." सोमल म्हणजे तिच्या भाषेतलं आर्सेनिक, जुनं नामी विष. त्या माणसानं पुढची वीस वर्षं तिला बघितलं की स्टूल सोडून उभं राहायचं व्रतच घेतलं.

तिचे सगळे अ‍ॅप्रन मी शिवले. उजव्या बाजूला खिसा नको, हात पुसायची सवय लागते, असा हुकूम. डाव्या खिशात एकच पेन. पहिला अ‍ॅप्रन शिवून देताना मी बाहीच्या आत एक छोटंसं फूल भरलं होतं. तिनं ते उसवायला लावलं. दोरा सुटून नमुन्यात पडला तर? बाई गं, काय हा कडकपणा! मी दोन दिवस अबोला धरला होता.

तिथले लोक पाठीमागे तिला "पुन्हाबाई" म्हणायचे. कारण कुणीही निकाल आणून दाखवला की ही म्हणणार, "छान. पुन्हा करा." आणि दुसरं तिचं वेड म्हणजे कोरी बाटली. ते मला तिनं इतक्या वेळा समजावलंय की आता मीही समजावू शकते. नमुन्यावर जे जे करायचं, तेच सगळं एका रिकाम्या बाटलीत करायचं. तेच ॲसिड, तीच काच, तीच आच, फक्त नमुना नाही. त्या कोऱ्या बाटलीत काहीही दिसता कामा नये. दिसलं तर समजायचं, विष माणसाच्या पोटात नाही, आपल्याच सामानात आहे. ॲसिडची नवी बाटली उघडली की कोरी पुन्हा करायची, हा तिनं स्वतः घालून दिलेला नियम. त्यावरून तिनं भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं.

आणि तोच नियम एकदा तिच्याच हातून मोडला.

गावात एक म्हातारे गृहस्थ वारले. एकटे राहायचे, जेवणखाण बघायला अकरा वर्षांची जुनी स्वयंपाकीण. पुतण्यानं तक्रार केली की हिनंच दुधातून काहीतरी दिलं. पेल्यातलं उरलेलं दूध आणि पोटातले नमुने ताईच्या टेबलावर आले. तिनं तपासले, अहवाल लिहिला: "सोमल अल्प प्रमाणात आढळले." खाली सही. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती महिनाभरासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत नव्या लोकांना शिकवायला गेली. इकडे त्या अहवालावर स्वयंपाकिणीला अटक झाली.

महिन्यानं ताई परतली. स्वतःच्या कपाटाचं कुलूप काढलं, अर्धी वापरलेली ॲसिडची बाटली घेतली, नेहमीसारखी कोरी केली. आणि कोऱ्या बाटलीत सोमल दिसलं! पुन्हा केली. पुन्हा दिसलं. तिनं रजिस्टर उघडलं. ही बाटली कधी उघडली होती? म्हाताऱ्यांचे नमुने तपासले त्याच दुपारी. सकाळची कोरी जुन्या बाटलीतल्या ॲसिडची होती. दुपारी जुनी संपली, नवी उघडली आणि कोरी पुन्हा केलीच नव्हती.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग ते जपून ठेवतात. तिनं तो काढला, दुसरं ॲसिड मागवलं, दोनदा तपासला, दोन्ही वेळा कोरी बाटली शेजारी ठेवून. सोमल आढळलं नाही.

हे मला तिनं माझ्या दुकानात सांगितलं, इस्त्रीच्या टेबलाशी स्टुलावर बसून. चेहरा पांढराफटक. त्याच आठवड्यात विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिचं नाव वर गेलं होतं. तिच्या साहेबांनी तिला दार लावून सांगितलं होतं, "खटला उभा राहायला वर्ष आहे. तोवर तुमची ऑर्डर निघेल. मग सावकाश बघू. घाई काय आहे?"

मी लगेच साहेबांची बाजू घेतली. खोटं कशाला बोलू? "बरोबर बोलतात ते! आयुष्यभर राबलीस, आता घास तोंडाशी आलाय. थोडे दिवस गप्प बस."

"आणि ती?" ताई म्हणाली.

"कोण ती?"

"स्वयंपाकीण. ती कुठे बसलीय थोडे दिवस?"

मी कात्री खाली ठेवली.  ती उठली, ऑफिसला गेली आणि पुरवणी अहवाल स्वतः लिहून कोर्टात पाठवला. साहेब तिच्याशी पुढे कित्येक महिने कामापुरतं बोलत होते.

सुनावणीला मी हट्टानं बरोबर गेले. मी रस्ताभर बडबडत होते आणि ही शांत, जणू वाण्याकडे यादी द्यायला चाललीय. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, डाव्या खिशातलं पेन चाचपायला हात नेला. नेण्यापुरताच, कारण त्या दिवशी अंगात अ‍ॅप्रन नव्हता.

पुतण्याच्या बाजूचा वकील उठला. भारी आवाज, भारी चष्मा.

"पहिला अहवाल चुकीचा होता म्हणता. तो कुणी लिहिला?"

"मी."

"तपासणी कुणी केली?"

"मीच."

"नवी बाटली उघडली की कोरी चाचणी पुन्हा करायची, हा नियम प्रयोगशाळेत कुणी आणला?"

"मी आणला."

कोर्टात खसखस पिकली. मला त्या सगळ्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. वकिलानं कागद वर धरला. "म्हणजे बारा तारखेला, दुपारी, स्वतःचाच नियम आपण मोडलात. का?"

बारा तारीख.  ती तारीख माझ्या दुकानाच्या पाटीवर रंगवलेली आहे. बारा तारखेला मी भाड्याच्या बोळकांडीतून नव्या दुकानात आले होते. आणि त्या दुपारी मी प्रयोगशाळेत तीनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा तर ओरडलेच होते, "पाच वाजता आली नाहीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस!" ती आली होती. पाचला पाच मिनिटं कमी असताना, धापा टाकत. नव्या दुकानातला पहिला कपडा मी तिचाच कापला होता, अ‍ॅप्रन.

"घाई केली," ताई म्हणाली.

"कसली घाई?"

 मी समोरच बसले होते. माझ्याकडे तिनं नजरही वळवली नाही.

"घाई माझी होती. कारण काहीही असलं तरी निकाल तोच राहतो. चूक माझी आहे, तशी नोंद करावी."

वकील जरा नरमला. "ठीक आहे. म्हणजे आता आपलं म्हणणं, दुधात विष नव्हतं?"

"आढळलं नाही," ताई म्हणाली. ती कुणासाठीही वाक्य बदलणारी नव्हे, स्वतःला वाचवायलासुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा ते शब्द ऐकून माझं डोकं उठलं नाही. डोळे भरून आले, आणि पदर तोंडाशी धरून मी तशीच बसून राहिले.

स्वयंपाकीण सुटली. कोर्टाच्या व्हरांड्यात ती ताईसमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता पाया पडते की काय. कसली पडतेय! "एकाहत्तर दिवस गेले माझे, बाई," ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. "चुकले मी."

त्या बाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पण परत तपासलंत," आणि आपल्या भावाचा हात धरून जिना उतरून गेली.

प्रमुखाची जागा अर्थातच दुसऱ्याला मिळाली. ताईची पाळी आली ती चार वर्षांनी, आणि निवृत्तीपर्यंत तिनं ती खुर्ची अशी सांभाळली की दूरदूरच्या प्रयोगशाळा आपले अडलेले नमुने तिच्याकडे पाठवायच्या. आज तिथल्या प्रत्येक तपासणीच्या फॉर्मवर एक जास्तीचा रकाना आहे: नवी बाटली उघडली का, कोरी पुन्हा केली का. तो भरल्याशिवाय अहवाल पुढे सरकतच नाही. नव्या पोरी त्याला "पुन्हाबाईंचा रकाना" म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना पुन्हाबाई कोण हेसुद्धा ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. माप देता देता ऐकावंच लागतं बिचाऱ्यांना.

त्या दिवशी कोर्टातून परतताना आम्ही बसच्या मागच्या सीटवर बसलो होतो. हातातल्या तिकिटाची चुरगाळून मी पार गोळी केली होती. शेवटी राहवलं नाही.

"ताई, बारा तारीख होती ती."

"हं."

"माझ्यामुळे झालं ना सगळं? इतके दिवस एका शब्दानं बोलली नाहीस. खरं सांग, राग आहे ना तुझा माझ्यावर?"

तिनं पर्स मांडीवर नीट ठेवली. खिडकीबाहेर बघत खरंच विचार केला, डब्यात चमचा फिरवते ना, तसा. मग माझ्याकडे वळली.

"दोनदा तपासला," ती म्हणाली. "आढळला नाही."