पोचलं-का आणि त्याचा तोतया

आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं सगळं बघणारा एकच माणूस आहे आणि त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे त्याला 'पोचलं-का' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला ठाऊक आहे. कुणाला काही सांगितलं की हा तिथंच उभा राहतो आणि विचारतो, "पोचलं का?" समोरच्यानं हो म्हणेपर्यंत जागचा हलत नाही. प्रिंटर दुरुस्त झाला एवढं सांगायला तिसऱ्या मजल्यावर जाईल आणि नर्सच्या हातात सुई असली तरी तिच्याकडून हो वदवून घेऊनच खाली उतरेल. फोन का करत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, फोनवर लोक नुसती मान डोलावतात, ती दिसत नाही. हे त्यानं मला सांगावं म्हणजे कमाल झाली. मला कुणाचीच मान दिसत नाही. मी जन्मापासून आंधळी आहे आणि या हॉस्पिटलचा टेलिफोन सांभाळते.

सांभाळते म्हणजे नुसता उचलत नाही. कुठल्या डॉक्टरांची कुठली वेळ रिकामी आहे ते बघून फोनवरच्या माणसाचं नाव तिथं चढवते. 'बघून' हा शब्द मी मुद्दाम वापरते, लोक गोंधळतात म्हणून. माझ्या कॉम्प्युटरवर एक बोलणारा प्रोग्रॅम आहे. पडद्यावर जे असेल ते तो कानात वाचतो, मी बाण दाबत पुढं सरकते. त्याचा वेग मी इतका वाढवून ठेवलाय की वहिनीनं एकदा इअरफोन कानाला लावला आणि लगेच काढला. म्हणाली, "तुझ्या कानात उंदीर भांडतायत."

तर माझं आणि उंदरांचं छान चाललं होतं. मग हॉस्पिटलनं नवा प्रोग्रॅम विकत घेतला. रंगीत चौकोन, डॉक्टरांचे फोटो, काय काय. काउंटरवरच्या पोरी खूश झाल्या. माझ्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र त्यात वाचण्यासारखं काहीच सापडेना, कारण अक्षरंसुद्धा चित्रासारखी रंगवलेली. बाण दाबला की तो म्हणायचा, "रिकामं." पुन्हा दाबला की पुन्हा, "रिकामं." कंपनीला विचारलं तर पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाली. पुढची आवृत्ती कधी, ते देवाला ठाऊक.

आमचे व्यवस्थापक माणूस चांगले. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं. ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमची नोकरी कुठं जात नाही. जुना प्रोग्रॅम महिनाअखेरीला बंद होईल. तुम्हाला चादरींच्या खोलीत देऊ. घड्या घालायच्या, बसून काम आहे, डोक्याला ताप नाही."

घरी जेवताना हे सांगितलं. दादानं ताट पुढं सरकवल्याचा आवाज आला. वहिनी म्हणाली, "घरात कधी चादरीची घडी घातली नाहीस, तिथं काय उजेड पाडणार?" मी हसले, आणि हसता हसता रडायला आलं. लोक फोन करतात तेव्हा घाबरलेले असतात. पहिला आवाज माझा ऐकतात. मी आंधळी आहे हे त्यांना माहीतही नसतं. दिवसभरात तेवढीच जागा अशी, जिथं कुणी माझी कीव करत नाही. ती जाणार होती, आणि मला ती हवी होती. एवढंच साधं होतं ते.

दुसऱ्या दिवशी पोचलं-का आला. स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

"बाई, या नव्या प्रोग्रॅमला एक धाकटा भाऊ आहे."

"असेना का. लग्न ठरवायचंय का त्याचं?"

त्याला थट्टा कळायला जरा वेळ लागतो. "नाही, नाही. काउंटरवर पेशंटकडे तोंड केलेला छोटा पडदा असतो. डॉक्टर कोण आणि वेळ कुठली, ते त्यावर येतं. ते दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आहे, तो धाकटा. थोरल्यात तुम्ही बाण दाबलात की थोरला धाकट्याला निरोप धाडतो. अमके डॉक्टर, अमका वार, इतके वाजता. दोघं एकाच मशीनवर चालू असतात, पण याच्या पोटातलं त्याला कळत नाही. निरोपच धाडावा लागतो."

"आणि धाकटा कुठला, हे थोरला ओळखतो कसं?"

"नावावरून. प्रत्येक खिडकीला नाव असतं. या नावाची खिडकी कुठं उघडी आहे, असं तो मशीनला विचारतो आणि जी सापडेल तिच्या हातात निरोप ठेवतो. तोंड बघत नाही."

मी कान टवकारले. "म्हणजे त्याच नावाचा दुसराच कुणी तिथं बसवला तर?"

"तर थोरला सगळं त्यालाच सांगेल. आणि तो तुमच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला सांगेल. तुमच्या टेबलावर छोटा पडदा नाहीच, धाकट्याचं इथं काही काम नाही. त्याच्या जागी आपला तोतया." थोडं थांबून तो म्हणाला, "पोचलं का?"

पोचलं होतं. पार आत पोचलं होतं.

मग दुपारी फोन कमी असत तेव्हा तो माझ्याशेजारी बसून तोतया लिहू लागला. त्याचं टायपिंग ऐकण्यासारखं आहे. बाकीचे लोक बटणं बडवतात, हा हळू दाबतो आणि ओळ संपवण्याआधी क्षणभर थांबतो. मधेच विचारायचा, "आधी डॉक्टर ऐकायचा की वेळ?" मी म्हणायचे, आधी वेळ, डॉक्टर मागून. कोणतं आधी ऐकायचं हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बोलता बोलता एक दिवस कळलं की घरी तो आणि त्याची आई, दोघंच. लग्न राहून गेलं. आईला ऐकू कमी येतं, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे तिला कबूल नाही. "मी काही सांगितलं की ती हो म्हणते," तो म्हणाला. "ते हो खरं की खोटं, ते तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. एकदा दूध गॅसवर आहे सांगून बाहेर पडलो. परत आलो तर घर धुरानं भरलेलं आणि ही शांतपणे पेपर वाचत बसलेली." मी त्या पोचलं-का नावावर किती हसले होते. त्या दिवसापासून हसले नाही. चिडवणं मात्र सोडलं नाही, ती वेगळी गोष्ट.

तोतया तयार झाला आणि व्यवस्थापक बघायला आले. मी बाण दाबला. उंदीर बोलले. सकाळची वेळ, डॉक्टरांचं नाव, सगळं. मला तर नाचावंसं वाटलं. तेवढ्यात फोन आला, एक आजोबा, गुडघे दुखतात म्हणाले. मी नेहमीच्या वेगानं बाण दाबत निघाले आणि प्रोग्रॅम अडकला. बाण दाबतेय, पण काही सरकेना. कानात मागचीच वेळ वाचली जात होती. मला वाटलं बटण लागलं नाही, म्हणून आणखी दाबलं, आणखी दाबलं. मग सगळे बाण एकदम लागले, प्रोग्रॅम धावत सुटला, आणि मी घाईत नाव चढवलं.

व्यवस्थापक हळूच म्हणाले, "बाई, आजोबांना बाळंतपणाच्या डॉक्टरांची वेळ दिलीत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी आजोबांची माफी मागून त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे वळवलं, पण कान गरम झाले होते. व्यवस्थापक म्हणाले, "प्रयत्न चांगला होता. पण असं चालणार नाही, हे तुम्हालाही कळतं." आणि गेले.

पोचलं-का म्हणाला, "चूक माझी आहे. थोरला निरोप देतो आणि तोतयाच्या उत्तरासाठी थांबतो. तोतया तुम्हाला ऐकवतो आणि तुमचं ऐकून संपेपर्यंत थोरल्याला उत्तर देत नाही. तोवर थोरला दारात उभा."

"असं कशाला लिहिलंत?"

"तुम्ही ऐकलं, याची खात्री नको का?"

मला इतका राग आला, आणि त्या रागातच इतकी माया आली, की काय करावं कळेना. हा माणूस प्रोग्रॅमसुद्धा आपल्यासारखाच लिहून बसला होता. "अहो," मी म्हटलं, "पोस्टमन पत्र टाकतो आणि जातो. आपण ते वाचून संपेपर्यंत दारात ताटकळत राहत नाही."

"त्याचं पत्र पोचलं नाही तर?"

"मी तुमची आई नाही. मला ऐकू येतं. तेवढंच तर येतं. तुमच्या तोतयाला सांगा, थोरल्याला लगेच उत्तर द्यायचं आणि वाटेला लावायचं. आणि मी पुढचा बाण दाबला की मागचं बोलणं तिथंच तोडायचं."

"अर्धं वाक्य तोडायचं?"

"तोडायचं. मी अर्ध्यावरच पुढं जाते. तुमचीही वाक्यं मी तोडते, तुम्हाला कधी लागलंय का?"

तो हसला. मोठ्यानं हसताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मग टायपिंग सुरू झालं, आणि या वेळी ओळ संपवताना तो फार वेळ थांबत होता. निरोप ठेवायचा आणि मागं न बघता निघून जायचं, हे त्याला लिहायला जड जात होतं. पण लिहिलं.

व्यवस्थापकांना पुन्हा बोलवायला तोच गेला. ते आले, आणि मी ओळीनं फोन घेतले. बाण दाबावा आणि उंदरांनी बोलावं, मधेच तोडावं, पुढं जावं. हाडं, कान, लहान मुलं, सगळे आपापल्या डॉक्टरांकडे बरोबर गेले. मधे एका बाईंना डोळ्यांची वेळ हवी होती, तीही दिली. मला घाम फुटला होता, पण बोटं मजेत होती.

व्यवस्थापकांनी एक इअरफोन मागून घेतला, वेग कमी करायला लावला आणि ऐकत राहिले. "वा," ते म्हणाले. "स्पष्ट बोलतोय की हा." मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. ते मला त्यांच्या श्वासावरूनच कळलं. "एक सांगा. हा आवाज सरळ फोनवर सोडता येईल? म्हणजे पेशंटनं बटण दाबावं आणि यानंच वेळा वाचून दाखवाव्यात. मधे कुणी लागणारच नाही."

माझा हात टेबलावर होता तो तिथंच राहिला. इतके दिवस आम्ही दोघांनी मिळून माझ्या खुर्चीला पाय बसवले, आणि त्याच पायांवर दुसरंच कुणीतरी बसायला निघालं होतं. आता पोचलं-का काय म्हणणार, हे मला माहीत होतं. या माणसाला खोटं बोलता येत नाही. आईला औषधाची गोळी कडू आहे की गोड, तेसुद्धा तो खरं सांगतो.

"येईल," तो म्हणाला.

मी खाली मान घातली.

"येईल साहेब. पण मी ते करणार नाही."

"म्हणजे?" व्यवस्थापकांना खरंच कळलं नाही. हा माणूस कुणाला नाही म्हणत नाही, सगळ्या हॉस्पिटलाला ठाऊक आहे.

"हा प्रोग्रॅम बाईंना सांगतो. माणसांना बाई सांगतात. त्या मधे आहेत म्हणून मी हा लिहिला. त्यांना काढायला तो वापरायचा असेल तर मी त्यात एक ओळ घालणार नाही."

"दुसऱ्या कुणाकडून करून घेता येईल," व्यवस्थापक म्हणाले. धमकी नव्हती ती, आपलं मोठ्यानं विचार करणं होतं.

"घ्या करून. मी नाही."

व्यवस्थापकांनी इअरफोन माझ्यासमोर ठेवला, अगदी हळू, काच ठेवावी तसा. "मी आपलं सहज विचारलं हो," ते म्हणाले. "चादरींच्या खोलीला कळवतो, बाई येणार नाहीत म्हणून." उद्या त्यांच्या मनात काय येईल मला माहीत नाही, त्यांनाही नसेल. पण त्या दिवशी ते गेले.

पोचलं-का तिथंच होता. स्टुलावर बसला असावा, कारण स्टूल थोडं करकरलं. मी हात पुढं केला, टेबलाच्या कडेनं चाचपत गेले, आणि त्याचा हात सापडला. बर्फासारखा गार पडला होता. इतके दिवस शेजारी बसून मी तो कधी धरला नव्हता. मी तो हातात घेतला आणि धरून ठेवला. त्यानं सोडवून घेतला नाही.

फोन वाजला. मी डाव्या हातानं उचलला.