डिसेंबरातली बाळं जानेवारीत

आरमोरीत आमच्या घरासमोर एक सिस्टर राहतात. गावोगाव जाऊन लहान मुलांना लस टोचणं हे त्यांचं काम. दर मंगळवारची त्यांची अख्खी दुपार रजिस्टर चाळण्यात जायची. कोणाचं बाळ दीड महिन्याचं झालं, कोणाचं साडेतीन महिन्यांचं, हे बोटांवर मोजून त्या बुधवारची यादी करायच्या. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करत होते. एक दिवस मीच म्हटलं, "सिस्टर, हे मोजायचं काम मी कॉम्प्युटरला लावून देते."

"दे ना मंग! काऊन आतापर्यंत नाई सांगितलं?"

त्यांनी सगळ्या बाळांच्या जन्मतारखा टाईप करून आणल्या. माणसाला ती तारीख दिसते, पण कॉम्प्युटरला ती नुसती अक्षरांची ओळ. त्या ओळीतून दिवस, महिना आणि वर्ष सुटं करून प्रत्येकाला आपापल्या खान्यात बसवल्याशिवाय त्याला वय मोजता येत नाही. मी कॉलेजात शिकलेल्या सी भाषेत प्रोग्राम लिहिला. तिथं वर्ष एकोणीसशेपासून मोजतात, हे मला पक्कं आठवत होतं. तेवढं वजा केलं आणि खुशीत यादी छापून सिस्टरांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. पहिल्याच ओळीवर थांबल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या.

"काय झालं?"

"अवं, डिसेंबर सुरू हाय ना आता? हे पोरगं पुढच्या जानेवारीत होणार म्हणते तुयं मशीन. म्या परवाच वजन केलं त्याचं!"

मी यादीत खाली बघत गेले. सगळीच बाळं एकेका महिन्यानं लहान झाली होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. सी भाषेत महिन्याच्या खान्यात शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे शून्य, डिसेंबर म्हणजे अकरा. मी बारा दिले, तर कॉम्प्युटरनं एक शब्द न बोलता पुढच्या वर्षाचा जानेवारी धरला. वर्षाचं लक्षात ठेवलं आणि महिन्याचं विसरले! कान गरम झाले माझे. ही यादी न तपासता गावात गेली असती तर किती आयांना उगाच महिनाभर थांबावं लागलं असतं.

"शून्यापासून कोण मोजते महिने?" सिस्टरांनी विचारलं.

महिन्यातून एक वजा केला, सिस्टरांनी मागाहून आणलेल्या राहिलेल्या दोन-चार तारखा जोडल्या आणि पुन्हा चालवलं. आता प्रोग्राम त्यातल्याच एका ओळीवर अडकला. त्या ओळीत तारखेच्या जागी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाचं नाव लिहिलं होतं, 'तान्हा पोळा'.

"सिस्टर, हे काय?"

"बाळंतपण घरीच झालं तिचं. मले सांगतानी तेवढंच सांगितलं तिनं. म्या तसंच टाकलं."

भिंतीवरचं कॅलेंडर काढून आम्ही दोघींनी ती तारीख शोधली. मला चेव चढला. म्हटलं, सगळे सणच प्रोग्रामला शिकवते. पण पोळा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि उद्या कोणी दिवाळीनंतरच्या गावजत्रेवरून 'मंडईच्या आदल्या दिवशी' लिहिलं तर?

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "त्याले नाई समजलं तर मले विचारायले सांग."

तसंच केलं. जी ओळ कळत नाही तिथं प्रोग्राम अंदाज बांधत नाही. 'सिस्टरांना विचारा' एवढंच लिहितो. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी त्याचा फोटो काढून सगळ्या मैत्रिणींना पाठवला.

त्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर गेले. अंगणवाडीच्या ओसरीवर बाया मुलांना घेऊन बसल्या होत्या. सिस्टर यादीवर एकेक खूण करत होत्या आणि प्रत्येक आईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "हिनं केली यादी." सुई टोचली की बाळं भोकांड पसरत होती, आणि मी मात्र एका कोपऱ्यात उभी राहून निलाजऱ्यासारखी हसत होते.