भाऊंचं मंत्रिपद आणि माझा गोळाभात

माझ्या कपात साखर घालू नका बरं. आणि असं दयेनं बघूही नका, मला शुगर नाही. खरं कारण सांगायला लाज वाटते, पण आता चहा समोर आहे, तुम्हीही आपलेच, तर सांगूनच टाकते.

आमच्या कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतले गजूभाऊ आमदार झाले, तिथून हे सुरू झालं. भाऊ म्हणजे ह्यांच्याच शिफ्टमधले, कोळशाच्या पट्ट्यावरचे. कंत्राटी कामगारांची युनियन बांधली, गेटसमोर वर्षानुवर्षं घोषणा दिल्या आणि एक दिवस चक्क निवडून आले. गुलालाची मिरवणूक दारावरून गेली तसे माझे डोळे भरून आले. तशीच देव्हाऱ्यासमोर गेले आणि बोलून बसले, "आई, भाऊ मंत्री होईपर्यंत भाताला शिवणार नाही."

मला वाटलं, शपथविधी पुढच्या आठवड्यात. आठ दिवस भाताशिवाय काय मरते का मी?

आणि नवस फिटेपर्यंत कोणाला सांगायचा नसतो, ही माझ्या आईची शिकवण. म्हणून ह्यांनाही बोलले नाही.

शपथविधी झाला, भाऊंचं नाव नाही. म्हटलं, विस्तारात येईल. विस्तार झाला. म्हटलं, पुढच्या विस्तारात. असे दोन हिवाळे गेले. भाऊ टीव्हीवर सभागृहात हात उंचावून ओरडताना दिसायचे. मी मनात म्हणायचे, किती मागतायत बिचारे मंत्रिपद.

इकडे माझा भात सुटल्याचा कॉलनीला पत्ता लागला. शेजारच्या शेंडेकाकूंनी निदानही करून टाकलं.

"शुगर आहे वं तुले. लपवून काहून राहिली?"

खोटं बोलवत नाही, खरं सांगता येत नाही. मी नुसती हसले. दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस सुरू. लग्नाच्या पंगतीत माझ्या पानातली जिलबी तीन तीन बायका मिळून उचलायच्या. घरी बेसनाचे गोळे घालून गोळाभात व्हायचा, वरून कढत तेलाची फोडणी चुरचुरायची, आणि मी आपली पोळी कुरतडत बसायचे.

परवाच्या हिवाळी अधिवेशनात भाऊ सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले. त्यांच्यासाठी गोळाभातच केला.

"वहिनी, तुम्ही काहून घेत नाही?"

"तिले शुगर आहे ना भाऊ," वाढायला आलेल्या शेंडेकाकू म्हणाल्या.

माझा धीरच सुटला. "शुगर नाही हो. भाऊ, तुम्ही मंत्री कधी होता ते सांगा आधी. मला भात खायचाय." आणि सगळा नवस सांगून मोकळी झाले.

भाऊंचा घास हातातच राहिला. "वहिनी, मी विरोधी पक्षात आहो. रोज त्यांच्याच नावानं बोंबलून राहिलो तिथं. मले ते मंत्री काहून करतील?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शांतपणे म्हणाले, "अवं, मले विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

आता बोललेला नवस मोडायचा कसा? मी रडकुंडीला आले. भाऊ हात धुऊन उठले. "थांबा वहिनी. जिंदगीभर मॅनेजमेंटशी बोलणीच केली मी." आणि देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले.

"देवीमाय, मागणी चुकीची गेली, पण बाई इमानदार आहे. दोन वर्षांची हजेरी पाहा, एक खाडा नाही. भात चालू करून द्या." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नुसतं घेऊन समझोता होत नाही वहिनी. काही तरी सोडावं लागते."

"चहातली साखर सोडते," मी म्हटलं.

"मंजूर. कधीपर्यंत?"

ह्यांनी तोवर माझ्यापुढे ताट सरकवलं होतं. दोन वर्षांनी भाताची वाफ तोंडावर आलेली, मन भरून आलेलं. अशा वेळी कोणाला विचारायचं सुचतं का?

"तुम्ही मुख्यमंत्री होईपर्यंत," मी म्हणून गेले.

ह्यांनी कपाळाला हात लावला. भाऊ देवीकडे बघत राहिले. शेंडेकाकू तेवढ्या खूश. तेव्हापासून कॉलनीभर सांगत फिरतात, "पाहा, शेवटी साखर सोडलीच ना तिनं? मी म्हणत होती."