पिवळ्या कपड्यांतली माणसं

“थांब थांब. परत सांग. गेट कोण उघडतो?”

निनाद सरांनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला आणि सगळ्या टीमकडे एकदा बघितलं. आता हसायचंय, हे सगळ्यांना कळलं. मला नाही कळलं. मी परत सांगितलं.

“हिरोच उघडतो सर. आधी सायरन वाजतो. मग तो मेन गेट उघडतो, पिवळ्या कपड्यांतले सगळे कामगार बाहेर पडतात आणि मग कारखाना उडतो.”

जो हशा झाला! एकाने टेबलावर डोकं टेकलं. माझ्या शेजारी बसणारी, रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारी मुलगी, तीसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती.

आमचं ऑफिस घोडबंदर रोडवर, काचेच्या उंच इमारतीत. परदेशातल्या लोकांचे विम्याचे दावे आम्ही तपासतो. शुक्रवारी जेवण झालं की सर क्विझ घ्यायचे, आणि विषय नेहमी एकच. तो इंग्रजी गुप्तहेर. त्याचे सिनेमे माझ्या आजोबांच्या काळापासून येतायत. नट म्हातारा झाला की बदलतात, कोट तोच राहतो. त्याची गाडी कुठली, घड्याळ कुठलं, अमक्या सिनेमात व्हिलनच्या बोटीचं नाव काय, असले प्रश्न. ज्यांच्या घरी वडिलांनी कॅसेटी जमवल्या होत्या ते पटापट हात वर करायचे. बाकीचे वडे खायचे. मी वडेवाल्यांतली.

पण त्या दिवशी गप्प बसून चालणार नव्हतं. टीम लीडची जागा रिकामी झाली होती. काम माझं सगळ्यांत चोख, हे सरच म्हणाले होते. केबिनमध्ये बसवून म्हणाले होते, “काम टॉप आहे गं तुझं. पण तू मिक्स होत नाहीस. क्लायंटसमोर बसायचं तर माणूस आपल्यातला वाटायला पाहिजे.”

आपल्यातला! हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय, दाराच्या बाहेर बसून. तरी गेले मिक्स व्हायला. बेटावरच्या कारखान्याच्या सिनेमाचा शेवट सरांनी विचारला, आणि मला वाटलं, अरे, हा तर मी बघितलाय. म्हणून हात वर केला.

सरांनी स्क्रीनवर तो शेवटच लावला. बेट. कारखाना. पिवळ्या कपड्यांतली माणसं पळतायत. गेट बंद. एक भडका, दुसरा भडका. माणसं हवेत उडाली, पाण्यात पडली, कठड्यावरून लोंबली. हिरो एका बाईला घेऊन बोटीत बसला. मागे धूर. तो काहीतरी विनोद बोलला, तिने त्याचा मुका घेतला, म्युझिक सुरू झालं. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये टाळ्या.

मी तो शेवट आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

“सायरन!” सर म्हणाले. “आजपासून हिचं नाव सायरन.”

मला तिथून उठायचं होतं. सगळ्यांच्या समोरून जायला नको म्हणून मी मागच्या दाराकडे गेले, आगीच्या वेळचा जिना असतो तिकडे. दाराला कुलूप. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, “पोरं सिगारेटला पळतात ना मॅडम, म्हणून ॲडमिनने लावलंय. पुढून जा.” पुढून गेले. काचेच्या पलीकडून सगळे बघत होते. बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारलं आणि मूग गिळून परत जागेवर येऊन बसले.

आता तो शेवट माझ्या डोक्यात आला कुठून, ते सांगते.

आम्ही डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूच्या चाळीत राहायचो. पप्पा केमिकल कंपनीत. अंगावर पिवळा रबरी एप्रन, पायात गमबूट, कपड्यांना कायम आंबट वास. आमच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या काकूंकडे होता, केबलसकट. रविवारी दुपारी हे गुप्तहेराचे सिनेमे हिंदीतून लागायचे. चाळीतली सगळी पोरं काकूंच्या घरात, लादीवर. मी आणि माझा धाकटा भाऊ उंबऱ्याबाहेर. कोणी हाकललं नव्हतं. काकू गोड आवाजात म्हणायच्या, “तुम्ही तिथूनच बघा हं बाळांनो, तिथून छान दिसतं.” आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता. तेवढ्यावरून तिथून छान दिसायचं.

सिनेमा संपायच्या आधी काकूंकडे पानं वाढायची वेळ व्हायची. मग आतल्या पोरांना त्या म्हणायच्या, “बसा रे, बघून जा.” आणि आमच्या तोंडावर दार लोटायच्या. जेवताना आमची नजर नको. त्यामुळे एकाही सिनेमाचा शेवट आम्ही बघितला नाही. आतून बंदुकांचे आवाज यायचे. आम्ही दाराला कान लावायचो, भाऊ रडायचा.

घरी आलो की पप्पा विचारायचे, “कुठपर्यंत बघितलं?”

“तो कारखान्यात घुसला, तिथपर्यंत.”

“हां, मग पुढचं मी बघितलंय. कॅन्टीनमध्ये. ऐका.”

आणि पप्पा सांगायचे. हात हलवून, आवाज काढून. दर सिनेमात कुठे ना कुठे व्हिलनचा कारखाना असायचाच, आणि तिथे एकसारखे कपडे घातलेली ढीगभर माणसं काम करत असायची. पप्पांच्या शेवटात पहिला वाजायचा सायरन. मग हिरो गेटपाशी जायचा, कुलूप तोडायचा. शिफ्टचा माणूस हजेरी घ्यायचा, सगळे आले की नाही बघायला. शेवटचा माणूस बाहेर पडला की मग स्फोट. व्हिलन एकटाच आत. भाऊ टाळ्या वाजवायचा. मीसुद्धा.

पुढे आमच्याकडे टीव्ही आला, मोबाईल आला. पण बघितलेला सिनेमा परत कोण बघतं? मला वाटायचं, आपण बघितलेत ते.

हशा झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात सरांनी मला परत केबिनमध्ये बोलावलं. चेहरा प्रेमळ. म्हणाले, “अगं, सॉलिड होतं तुझं ते. ॲन्युअल फंक्शनला करशील का? स्टेजवर ये, अजून चार-पाच सिनेमांचे तुझे शेवट सांग. लोक मरतील हसून. वरचे साहेबलोक येणारेत. तुला व्हिजिबिलिटी मिळेल. त्या जागेसाठी बरं पडेल.”

म्हणजे जागा हवी तर आधी स्वतःचं हसं करून घे. हे कळत होतं. तळपायाची आग मस्तकात जात होती. आणि तरी मी “हो सर” म्हणाले. का म्हणाले? कारण दहा वेळा माझी फाईल वर गेली होती आणि दहा वेळा खाली आली होती. माणूस थकतो. वाटलं, पाच मिनिटं विदूषक होऊ, नंतर खुर्चीत बसू.

रविवारी पप्पांकडे गेले. ते अजून चाळीतच राहतात. कंपनी सुटली, खोकला काही सुटला नाही. मी म्हटलं, “पप्पा, ते सिनेमांचे शेवट आठवतात का? ऑफिसमध्ये सांगायचेत. स्टेजवर.”

त्यांचा चेहरा असा खुलला की मला मान वर करवेना. “ऑफिसमध्ये? साहेबलोकांना?” ते उठून बसले. आईला म्हणाले, “चहा टाक गं, पोरीच्या ऑफिसात माझ्या गोष्टी चालल्यात.” आणि सुरू झाले. सायरन. कुलूप. हजेरी. खोकत खोकत, हात हलवत.

मला राहवलं नाही. “पप्पा, खरा शेवट तसा नाहीये. मी बघितला. सगळे मरतात.”

ते थांबले. बशीत चहा ओतला, प्यायला नाही.

“माहितीय मला,” ते म्हणाले. “एक बघितलेला मी खरंच. कॅन्टीनमध्ये. तेव्हा नुकताच बाजूच्या कंपनीत स्फोट झालेला. तुम्ही लहान होता, चाळीच्या काचा फुटल्या होत्या बघ. आतली माणसं मागच्या गेटवर आली, तर गेटला कुलूप. चहाला बाहेर जातात म्हणून मालकाने लावलेलं. आमच्याही गेटला होतं. तो हिरो बोटीतून निघाला ना, तेव्हा कॅन्टीनमधली ताटं तशीच ठेवून उठले सगळे.”

“मग आम्हाला खोटं का सांगितलं?”

“त्या स्फोटानंतर कुठे मोठा आवाज झाला की तू माझा एप्रन धरून ठेवायचीस. जाऊ नका म्हणायचीस. तुला काय सांगू, तो गेला आणि सगळे मेले? सकाळी मलाच तिथे जायचं होतं.”

आई गॅसपाशी पाठ करून उभी होती.

परतताना रिक्षात मला रडू आलं, पण दुःखाचं नव्हतं ते. संताप होता. स्वतःचा आधी. माझ्या बापाने आपली भीती गिळून आम्हाला झोप यावी म्हणून जे रचलं, ते मी साहेबांना हसवायला स्टेजवर नेणार होते. आणि दुसरी गोष्ट मनातून जाईना. आमच्या ऑफिसचं मागचं दार. पोरं सिगारेटला पळतात म्हणून लावलेलं कुलूप. त्या दाराला हात लावून मी गुपचूप परत फिरले होते. पप्पांच्या पोरीने तिथे काहीच विचारलं नव्हतं.

फंक्शन माजिवड्याच्या एका हॉलमध्ये होतं. लाइट, फुगे, पनीरचे स्टार्टर. सरांनी माईक घेतला. “आणि आता आपली सायरन! हिचे शेवट ऐका, वेड लागेल.” लोक आधीच हसायला लागले.

मी माईक घेतला.

म्हटलं, “क्विझ घेऊया. प्रश्न एकच. आपल्या मजल्यावरच्या मागच्या दाराच्या कुलपाची चावी कोणाकडे आहे?”

काही जण अजून हसतच होते. त्यांना वाटलं, जोक पुढे आहे. मी थांबले. परत विचारलं. कोणी हात वर केला नाही. ॲडमिनचा माणूस समोरच बसला होता, त्याने बाजूच्याकडे बघितलं.

“मलाही माहीत नाही,” मी म्हटलं. “आपण सगळे रोज तिथे बसतो. आग लागली तर कोणी उघडायचं?”

सर स्टेजच्या खालून म्हणाले, “अगं, तो ॲडमिनचा विषय. तू स्टोरी सांग ना.”

“स्टोरी नाही सांगणार सर. ती माझ्या वडिलांची आहे. ते पिवळा एप्रन घालून केमिकल कंपनीत कामाला जायचे. तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा पडद्यावर मरत होते ते लोक त्यांच्यासारखेच होते.”

“चिल यार. सिनेमा आहे तो,” सर म्हणाले.

“आणि माझं नाव सायरन नाही.”

माईक ठेवला आणि उतरले. टाळी कोणी वाजवली नाही. ती डब्यातली भाजी खाणारी मुलगी खाली बघत होती. वरचे साहेब फोनमध्ये. लगेच डीजे सुरू झाला आणि लोक नाचायला गेले.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याला त्या गुप्तहेराच्या सगळ्या गाड्या माहितीयत. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. मला सांगण्यात आलं की माझा टोन बरोबर नव्हता. सर म्हणाले, “एवढा चान्स दिला होता. सगळ्यांचा मूड घालवलास.” लिफ्टमध्ये आता लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलतात आणि दार उघडलं की पटकन निघून जातात. नोकरी सोड, असं दोघा-तिघांनी प्रेमाने सुचवलं. नाही सोडणार. मी काय चूक केली म्हणून मी बाहेर पडू? उंबऱ्याबाहेर बसायचं होतं तेवढं बसून झालंय माझं.

फंक्शननंतरच्या सोमवारी ऑफिसला गेले. मागच्या दारापाशी गेले. कुलूप तसंच होतं.

मी माझा लॅपटॉप उचलला, चार्जर उचलला, पाण्याची बाटली घेतली आणि त्या दाराला पाठ लावून लादीवर बसले. काम उघडलं. सिक्युरिटीवाले काका आले, म्हणाले, “मॅडम, इथे का?” मी सांगितलं. ते थोडे बाजूला सरकले. मग ॲडमिनचा माणूस आला. मग सर आले.

“काय तमाशा लावलायस? ऊठ. जागेवर जाऊन बस.”

“कुलूप निघेपर्यंत माझी जागा हीच आहे सर,” मी म्हटलं. “तुम्हाला मला हलवायचं असेल तर सोपं आहे. चावी शोधा.”

ते तिथेच उभे राहिले. मी पुढचा दावा उघडला आणि वाचायला लागले.