बाई बसल्या की लागणारा दिवा

सरकारी ऑफिसात फायली का साठतात यावर आजवर बऱ्याच चौकश्या झाल्या. किस्से का साठतात याची मात्र कुणी चौकशी केलेली नाही. माझा अनुभव असा, की सही झाली की फाइल निदान कपाटात तरी जाते. किश्श्यावर सही करायला कुणी तयार नसतं, म्हणून तो बाहेर फिरत राहतो आणि शेवटी माझ्यासारख्याच्या डोक्यात मुक्काम करतो.

आदिलाबादच्या महसूल ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. त्यातली निम्मी ऑफिसात आणि निम्मी समोरच्या गंगन्नाच्या दुकानात. पेन्शन मात्र पूर्ण मिळते!

गंगन्ना मोटारींच्या वायरिंगचं काम करायचा. सहा फूट उंच, हात कोपरापर्यंत काळे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि न सापडणाऱ्या वायरशी हिंदी बोलायचा. हाती घेतलेलं काम सोडायचं नाही, हा त्याचा एक गुण. ते कधी संपेल हे सांगायचं नाही, हा दुसरा.

*

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आमच्या तहसीलदारसाहेबांच्या जीपला एक खोड जडली. डावीकडे वळली की हॉर्न वाजायचा! गुडीहत्नूरच्या बाजूला साहेबांच्या तपासणीची बहुतेक गावं सडकेच्या डाव्या हाताला. साहेब फाट्यावर वळले, की गावाला वर्दी मिळायची.

गंगन्नाने तीन दिवस घालवून स्टिअरिंगच्या नळीत घासलेली वायर शोधली आणि हॉर्न गप्प केला. आठवड्याच्या आत दोन पटवारी माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, कौतुक करायला आले असतील.

"बाबूसाब," त्यातला एक म्हणाला, "जीप कोनं दुरुस्त केली जी? परवा साहेब आले तवा आमी झोपून होतो ना!"

*

एकदा भैंशाचा एक ट्रकवाला कापूस भरून आला. समोर ऑइलचा दिवा लागलेला. माल जिनिंगवर पोचवायची त्याला घाई.

"तो बल्बच काढून टाक ना," तो म्हणाला.

गंगन्नाने हातातली पकड खाली ठेवली. "ताप आला तर थर्मामीटर फोडता का तुमी?"

"उगाच शिकवू नको. काढ बल्ब."

"दिवा बोलून राह्यला. काय बोलते ते ऐकल्याबिगर त्याचं तोंड दाबनार नाही आमी." आणि त्याने ट्रकची किल्ली खिशात टाकली!

ट्रकवाला तासभर शिव्या देत बाकावर बसला. मी शेजारीच होतो, दोन-तीन मलाही नवीन होत्या. शेवटी खालचा ऑइलचा नट सैल निघाला. आणखी दहा मैल गेला असता तर इंजिन बसलं असतं. ट्रकवाला ओशाळून म्हणाला, "शिव्या परत घेतो भाऊ."

गंगन्ना हात पुसत म्हणाला, "राहू द्या. दिलेलं आमी वापस करत नसतो."

*

पण गंगन्नाची खरी परीक्षा घेतली ती डॉक्टरीणबाईंच्या गाडीने. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या दिगंबरराव वकिलांच्या पत्नी. उंचीने पाच फुटाला चार बोटं कमी. पण प्रसूतीच्या खोलीतून त्यांनी "चूप!" म्हटलं की बाहेर रस्त्यावरचे लोकही चूप होत. दर गुरुवारी त्या जैनथकडच्या बायकांना तपासायला जायच्या. आधी बसने, ऑटोने जायच्या आणि परतताना जे मिळेल त्याने यायच्या. एकदा तर कापसाच्या ढिगावर बसून आल्या. मग सिंगापूरहून कायमचं परत आलेल्या त्यांच्या भावाने आपली गाडी बहिणीला देऊन टाकली. चाळिशी ओलांडलेल्या बाई दोन महिन्यांत गाडी शिकल्या. वकीलसाहेबांना हे आवडलं नाही, पण हरकत घ्यायला मुद्दा सापडत नव्हता.

तो मुद्दा गाडीनेच पुरवला. समोर एक तांबडा दिवा लागायला लागला.

दिव्यावर चित्र होतं. एक माणूस बसलेला आणि त्याच्या पोटापुढे एक गोल. बाईंनी दुकानात आल्यावर ते कागदावर काढून दाखवलं, तेव्हा ऑफिसातली निम्मी माणसं ते चित्र बघून गेली. कुणी म्हणालं टरबूज. आमचा चपराशी मात्र ठामपणे म्हणाला, "डॉक्टरीणबाईची गाडी हाये. बाळंतपनाचा दिवा हाये तो!"

गाडीबरोबरचं इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगितलं. टक्कर झाली तर फुगून माणसाला वाचवणाऱ्या पिशव्या गाडीत आहेत. एक स्टिअरिंगमध्ये, एक शेजारच्याच्या पुढ्यात, एकेक पुढच्या सीटांच्या कुशीत. हा दिवा लागला म्हणजे त्या कामात कुठेतरी बिघाड.

गंगन्नाने गाडीत डोकं घालून सगळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजवर आमी जेवढ्या गाड्या पाहिल्या, त्यात पिशव्या मागं टपावर असायच्या."

*

चपराशाचं निदान जैनथपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. एका गुरुवारी बाई तिकडच्या एका पोरीला गाडीत घालून इथल्या दवाखान्यात आणत होत्या. मागच्या सीटवर पोर आणि तिची सासू. वाटेत तांबडा दिवा लागला. सासूने मागून मान लांबवून पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, आमी पोटुशी बाई घेऊन बसलो हे गाडीले कसं समजलं?"

बाई म्हणाल्या, "बिघाड आहे तो आजी."

म्हातारी घाबरली. "कोनाच्यात? पोरीच्यात का गाडीच्यात?"

*

घोटाळा असा होता, की दिवा फक्त बाई चालवत असतानाच लागायचा. वकीलसाहेब कोर्टात गाडी नेत, तेव्हा दिवा नाही. गंगन्नाकडे आली की त्याची पद्धत ठरलेली. तो अदबीने म्हणायचा, "बाई, उतरा. खुर्चीवर बसा." खुर्ची पुसून द्यायचा. मग आपले लांब पाय मावावेत म्हणून सीट मागे सरकवायचा, आत बसायचा, गाडी चालू करायचा. दिवा नाही!

"तिला भास होतो," वकीलसाहेब म्हणाले. "पुरावा काय?"

बाईंनी मला सरकारी माणूस म्हणून मागे बसवलं आणि पैनगंगेच्या रस्त्याने नेलं. तीन मैलांवर दिवा लागला. मी तिथेच पंचनामा लिहिला, "सदर दिवा चालू स्थितीत, तांबडा व स्थिर आढळून आला," आणि खाली सही केली.

वकीलसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "पंच एकच? दोन लागतात."

*

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, बाई वजनाने हलक्या. सीटवर वजन कमी पडत असेल, म्हणून दिवा लागत असेल. गंगन्नाला पटलं. आम्ही बाईंच्या वजनाइतकी ज्वारी पोत्यात भरून सीटवर ठेवली. सीट जितकी मागे तितकं पोतं ठेवायला सोपं, म्हणून सीट मागे घेतलेली. गंगन्नाने खिडकीतून हात घालून इंजिन चालू केलं. अर्धा तास वाट पाहिली. दिवा नाही.

वकीलसाहेबांना हे कळल्यावर ते भर दुकानात म्हणाले, "घ्या! ज्वारीच्या पोत्याबद्दल गाडीची तक्रार नाही. फक्त तुमच्याबद्दल आहे."

बाई म्हणाल्या, "मग गुरुवारी पोत्यालाच पाठवा जैनथला. बाळंतपणं करून येईल."

गंमत तिथेच संपली. वकीलसाहेब गंभीर झाले. "पुस्तक मीही वाचलंय. हा दिवा लागला असताना टक्कर झाली, तर पिशवी उघडेल याची खात्री नाही. तू त्या सडकेवर ट्रकांमधून एकटी जातेस. पोळ्यापर्यंत दिवा गेला नाही, तर किल्ली माझ्याकडे. ड्रायव्हर ठेवू. तू मागे बसायचं."

"आणि ड्रायव्हर नाही आला त्या दिवशी?"

"त्या दिवशी जायचं नाही."

बाईंनी गंगन्नाकडे पाहिलं. गंगन्ना म्हणाला, "पोळ्यापर्यंत, बाई."

त्याच्या तोंडून मुदत निघालेली मी पहिल्यांदाच ऐकली!

*

पोळ्याला तीन आठवडे होते. गाडी नागपूरच्या एका मोठ्या कारखान्यात जाऊन आली. त्यांच्या धिप्पाड माणसाने ती दिवसभर फिरवली आणि चिठ्ठी दिली, 'दोष आढळला नाही.' परतताना बाईंनी गाडी हातात घेतली आणि पैनगंगेच्या पुलाच्या अलीकडेच दिवा लागला.

इकडे गंगन्नाने बॅटरी बदलून पाहिली, फ्यूज पाहिले, जमिनीवर झोपून खालची प्रत्येक वायर डोळ्यांनी तपासली. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं थांबेनात. मी म्हटलं, "अरे, सोडून दे. ड्रायव्हर ठेवला तर तुझं काय जातं?"

"मी बाईंना जबान दिली. आता काऊन सोडू?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाई गाडी घेऊन आल्या. दिवा लागलेला होता. गंगन्ना नेहमीसारखा पुढे झाला. "बाई, उतरा. खुर्चीवर बसा."

बाई म्हणाल्या, "नाही."

"अं?"

"मी उतरणार नाही. गाडीही बंद करणार नाही. तुम्ही दर वेळी मला उतरवता आणि मग रोग शोधता. पेशंटला बाहेर बसवून मी कधी खाट तपासली आहे का?"

गंगन्ना अवघडला. बाई पुढे बसलेल्या असताना त्यांच्या पायाशी डोकं घालणं त्याला कसंसंच वाटलं. तो मागचं दार उघडून आत शिरला, खाली आडवा झाला आणि मागच्या बाजूने बाईंच्या सीटखाली टॉर्चचा उजेड टाकला. पाय दाराबाहेर, सडकेवर. काही वेळ नुसते पायच दिसत होते. मग पाय हलायचे थांबले.

"बाई, सीट हातभर मागं घ्या."

बाईंनी घेतली.

"आता जशी होती तशी पुढं."

बाईंनी पार पुढे ओढली. त्याशिवाय त्यांचे पाय क्लचला पोचत नसत.

"बाबूसाब, इकडं या! पाहा!"

मी वाकून पाहिलं. सीटच्या कुशीतल्या पिशवीकडे खालून जाणारी पिवळ्या वेष्टनातली वायर एका जागी रुळाच्या कडेत अडकली होती. सीट मागे असली की ती सैल पडायची. बाईंइतकी पुढे घेतली की सतारीच्या तारेसारखी ताणली जायची आणि जोडातली तिची पिन बाहेर सरकायची. सीट तेवढी पुढे दुसरं कुणी घेतच नव्हतं. वकीलसाहेब नाही, गंगन्ना नाही, नागपूरचा माणूस नाही आणि ज्वारीचं पोतंही नाही!

गंगन्ना उठून बसला. डोक्याला जळमटं लागलेली. हात जोडून म्हणाला, "बाई, इतके महिने आमी तुमाला मान देऊन राह्यलो, म्हनून सापडलं नाही!"

बाई म्हणाल्या, "आता मान पुरे. काम करा."

मी पुस्तकातलं एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. आधी गाडी बंद, बॅटरीची वायर सोडायची, थांबायचं, या वायरींना टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट बघायचा दिवा, अजिबात लावायचा नाही. गंगन्नाने आपला लाडका टेस्ट लॅम्प मुकाट्याने माझ्या हातात दिला. वायर कुठे कापली गेलेली नाही हे भिंग लावून दोनदा पाहिलं. पिन खटकन बसेपर्यंत आत ढकलली, वायरला ढील दिली आणि रुळापासून दूर पक्की बांधली. मग गाडी चालू करून बाईंना म्हणाला, "सीट मागं-पुढं करा. मी थांबा म्हनेपर्यंत."

मी मोजायचं सोडून दिलं. बाईंनी सोडलं नाही. दिवा लागला नाही.

*

वकीलसाहेबांनी अर्थातच ते मान्य केलं नाही. "तुमचं तिघांचं आधीच संगनमत आहे. मी स्वतः चालवून बघणार."

"बघा की," बाई म्हणाल्या. "पण सीट मागे घ्यायची नाही. माझ्या जागेवर बसून चालवा."

वकीलसाहेब उंचीने गंगन्नाला हरवणारे. पोळ्याच्या दिवशी सकाळी, नवं धोतर नेसून, ते त्या सीटवर कसेबसे शिरले. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, हनुवटी जवळजवळ हॉर्नवर टेकली. तसेच जैनथला गेले आणि तसेच परत आले. सजवलेले बैल घेऊन निघालेली माणसं रस्त्यात थांबून बघत होती म्हणे.

गाडी दुकानापुढे थांबली. आम्ही तिघं पुढे झालो.

"लागला का दिवा?" बाईंनी विचारलं.

"दिसला नाही."

"लागला नाही, का दिसला नाही?"

वकीलसाहेबांनी उलटतपासणीत आयुष्य घालवलेलं. प्रश्न त्यांना समजला. ते म्हणाले, "गुडघे मध्ये येतात."

त्यांना उतरता येईना. सीटची मूठ खाली आणि हात पोचायला जागा नाही. शेवटी बाईंनीच वाकून मूठ ओढली. सीट खाडकन मागे गेली. बाईंनी हातानेच ती परत पार पुढे ढकलली, वकीलसाहेबांसकट! या वेळी त्यांनी गुडघे बाजूला केले आणि समोर पाहिलं. सगळेच पाहत होतो. इंजिन चालू होतं. समोर सगळं काळं. दिवा नाही.

"नाही," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

"मग उतरा. मला जैनथला जायचंय. दोन जणी दिवस भरून बसल्यात."

ते उतरले. अंग ताणलं, धोतर नीट केलं. बाई आत बसल्या, पट्टा लावला. वकीलसाहेब क्षणभर तिथेच उभे राहिले. बाई चालवत असताना ते आजवर एकदाही गाडीत बसलेले नव्हते. मग ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, पुढचं दार उघडलं आणि बाईंच्या शेजारी बसले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पहिला गिअर टाकला.

गाडी हलली, आणि खिडकीतून वकीलसाहेबांचं डोकं बाहेर आलं.

"गंगन्ना! ह्या बाजूची पिशवी पण तपासलीस ना रे?"