अकरावा रकाना

वाचनालयात सिनेमाचं पाक्षिक आलं की पहिले चार दिवस ते टेबलावर टेकत नसे. नटनट्यांची रंगीत पानं लोक आळीपाळीने बघत. एखादं पान गायबही होई, म्हणून मी रोज संध्याकाळी पानं मोजून अंक कपाटात ठेवत असे. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला साळवे ऑपरेटर येत. अंक मागच्या बाजूने उघडत आणि परीक्षणांच्या खाली बारीक टाइपात छापलेली नावं आपल्या डायरीत उतरवून घेत. ध्वनिमुद्रण कोणाचं, संकलन कोणाचं, छायाचित्रण कोणाचं. रंगीत पानांकडे ते बघतही नसत.

अंबडच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन मला तेव्हा महिनाच झाला होता. मी विचारलं, “काका, हिरोचं नाव नाही लिहिलंत?”

“ते गावभर भिंतीला चिकटवलेलं असतंय, बाई. हातभर अक्षरात,” ते म्हणाले. “हे कुठंच न्हाई लिहिलेलं. म्हणून मी लिहून राह्यलो.”

याद्या करणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. आमची ओळख त्या दिवसापासूनची.

किसन साळवे गावातल्या एकुलत्या एक टॉकीजमध्ये वीस वर्षं ऑपरेटर होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. सदरा नेहमी पांढरा, पण उजव्या बाहीवर बारीक बारीक जळकी भोकं. सिनेमाच्या मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या ठिणग्या उडत. बोलणाऱ्याकडे बघण्याऐवजी ते त्याच्याकडे कान करत, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे की आपण यांना आवडलेलो नाही. दर शुक्रवारी जालन्याहून बसच्या टपावर रिळांची पेटी येई. ती उतरवून घ्यायला ते स्वतः स्टँडवर जात, हमालाच्या हाती देत नसत. नवा सिनेमा आला की पहिला खेळ ते डोळे मिटून ऐकायचे, असं टॉकीजचा गेटकीपर सांगे. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं.

“लहानपणची सवय हाय,” ते म्हणाले. “आमच्या गावाला तंबूचा सिनेमा यायचा. आमच्या वस्तीतली माणसं पडद्याच्या पाठीमागं बसायची. पुढं जागा असली तरी मागंच. मागून चित्र दिसतंय, पण उलटं. हिरो डावखुरा. नावं आली की सगळी अक्षरं उलटी, वाचायला येत न्हाईत. मंग मी काय करणार? आवाज तेवढा दोन्हीकडून सारखा असतोय. तो ऐकायचो.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मुंबईत दरवर्षी सिनेमाच्या पुरस्कारांचा मोठा सोहळा होई. त्याआधी महिनाभर स्टँडसमोरच्या हॉटेलात कोणाला काय मिळणार यावर चहाच्या पैजा लागत. साळवेकाका पैज लावत नसत. पण कोणी विचारलं तर सांगत, आणि त्यांनी सांगितलेली ध्वनिमुद्रण-संकलनाची नावं खरी ठरत. त्याचं कोणाला फारसं वाटत नसे, कारण त्यावर पैज लावणारा गावात दुसरा कोणी नव्हता.

मग पाक्षिकाने कुपन छापायला सुरुवात केली. अकरा पुरस्कार, अकरा रकाने. प्रत्येकासमोर विजेत्याचं नाव लिहून टपालाने पाठवायचं. अकराही बरोबर आले तर वाचकाला सोहळ्याचं निमंत्रण. शेवटचा, अकरावा रकाना ध्वनिमुद्रणाचा होता. काकांनी त्या वर्षी जालन्याहून स्वतःचा अंक आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“बाई, मला जायाचंय तिथं.”

“नटनट्या बघायला?”

“न्हाई वो. ही माणसं तिथं स्टेजवर येत्यात.” त्यांनी डायरीवर बोट ठेवलं. “वीस वर्षं ह्यांचं काम माझ्या हातातून जाऊन राह्यलंय. नाव पुकारत्यात आणि माणूस उठून येतोय. एकदा समोर बसून बघायचंय. समोरून.”

अडचण अशी होती की नट, नटी, कथा, गीत हे रकाने त्यांच्या हाताबाहेरचे होते. मोठे सिनेमे आमच्याकडे यायला वर्ष लागे; अंबडला पोस्टर चिकटेपर्यंत मुंबईत पुरस्कार देऊन झालेले असत. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. माझ्याकडे वर्तमानपत्रं होती, त्यामुळे कोणता सिनेमा कुठे किती आठवडे चालला आणि कोणाबद्दल कोणी काय लिहिलं याचं मी टिपण ठेवलं. काका सकाळच्या बसने जालन्याला जाऊन दुपारचा खेळ ऐकून संध्याकाळी मशीनवर हजर होत. पहिल्या वर्षी सात नावं बरोबर आली, दुसऱ्या वर्षी नऊ. चुकलेली सगळी माझ्या बाजूची होती. मी तसं कबूल केल्यावर ते म्हणाले, “तुम्ही पेपर जास्ती वाचता, बाई. जरा थेटरात बसत जा.”

तिसऱ्या वर्षी एका आईवरचा सिनेमा आला. मोठा नट नव्हता, त्यामुळे मुंबईत तो लवकर उतरला आणि वापरून खिळखिळी झालेली कॉपी तीन-चार महिन्यांतच आमच्याकडे फिरत आली. त्यात एक प्रसंग होता. मुलगा सैन्यात, आई घरी एकटी. दारावर थाप पडते. ती दार उघडते, समोर तार घेऊन आलेला शिपाई. आणि तिथून मिनिटभर पडद्यावरून कसलाच आवाज येत नाही. आईचे ओठ हलतात, शिपाई मान खाली घालतो, सगळं मुकं. मग तिच्या हातातलं भांडं पडतं आणि आवाज परत येतो. मी तो खेळ पाहिला. आमच्या टॉकीजमध्ये शेंगा फोडणाऱ्यांचा आवाज कधी थांबत नसे. त्या मिनिटात तो थांबला.

काका दुसऱ्या दिवशी पाचव्या दिवसाची वाट न बघता आले. “असं काम मी ऐकलेलं न्हाई,” ते म्हणाले. “दुसऱ्यानं तिथं चार सारंग्या घातल्या असत्या. ह्यानं सगळं काढून घेतलं. केवढी हिंमत, बाई.” डायरीत त्या ध्वनिमुद्रकाच्या नावाखाली त्यांनी रेघ मारली. एवढी वर्षं मी ती डायरी बघत होते, त्यात दुसरी रेघ नव्हती.

नामांकनं आली, त्यात ते नाव होतं. कुपन आम्ही तीन दिवस सकाळी बसून भरलं. अकराव्या रकान्याला काकांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

कुपन टपालात पडायला चार दिवस होते, तेव्हा मी पुस्तकखरेदीसाठी औरंगाबादला गेले. नामांकनांमुळे तो सिनेमा तिथे पुन्हा दुपारच्या खेळाला लागला होता. बसला वेळ होता, मी तिकीट काढलं. थाप पडली, दार उघडलं, शिपाई दिसला, आणि सारंग्या सुरू झाल्या. मागून बायकांचा समूहस्वर, वर विजेचा कडकडाट. आईचं बोलणंही स्पष्ट ऐकू आलं. शांतता कुठेच नव्हती.

मी परत आल्यावर काकांना सांगितलं. जे पाहिलं ते सांगायचं, त्यात विचार काय करायचा, असं मला तेव्हा वाटलं.

त्यांनी बराच वेळ कान माझ्याकडे ठेवला. मग म्हणाले, “त्यांच्या कॉपीत काही घोळ असंल.”

“नवी कॉपी आहे, काका.”

ते उठून गेले. शनिवारी पहाटेच्या बसने औरंगाबादला गेले आणि संध्याकाळी साडेपाचला स्टँडवरून थेट वाचनालयात आले. केसांत धूळ होती. खुर्चीत न बसता बोलले.

“तुम्ही म्हणल्या तसंच हाय. सारंग्या, ढग, सगळं.” मग म्हणाले, “फिल्मच्या काठाला आवाजाची बारीक पट्टी असती. त्या जागी आपल्या कॉपीत पट्टी काळी होती. मी हातानं बघितली होती. शांततेची पट्टी काळीच दिसती, म्हणून मला काय वाटलं न्हाई. ती शाई होती, बाई. कुठल्या तरी गावात ती जागा खरवडली असंल, खरखर ऐकू यायला लागली असंल, म्हणून कुण्या ऑपरेटरनं शाई फासली. मीसुद्धा फासतो की. पन्नास वेळा फासली असंल. आणि मला वळखू आली न्हाई.”

ते पुढे म्हणाले, “नाव राहू द्यावं का तसंच?”

त्यांना ते राहू द्यायचं होतं, हे मला दिसत होतं. पण मी हिशेबी डोक्याची. “जे त्याने केलंच नाही त्यासाठी त्याचं नाव कसं लिहायचं?” मी म्हटलं. “आणि तो गोंगाट ऐकून परीक्षक पुरस्कार कशाला देतील? तुम्हीच सांगा, त्या सारंग्यांना तुम्ही दिला असता?”

“बिलकुल न्हाई.”

“मग बदला. सोमवारी शेवटचं टपाल आहे.”

खाडाखोड केलेलं कुपन बाद होत असे. दुसरा अंक मिळणार नव्हता. मी कपाटातून वाचनालयाचा अंक काढला, कात्रीने कुपन कापलं आणि नोंदवहीत स्वतःच्या सहीने तसं लिहून ठेवलं. माझ्या सगळ्या नोकरीत कापलेला तो एकच कागद. काकांनी दहा नावं पुन्हा उतरवली. अकराव्या रकान्यात त्यांनी दुसरं नाव लिहिलं, तेही चांगल्या माणसाचं होतं. लिहिताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला. सोमवारी मी स्वतः ते टपालात टाकलं.

निकाल आला त्या दिवशी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन येणारी बस उशिरा आली. काका सकाळपासून बाकावर होते. मी पहिल्या रकान्यापासून वाचायला लागले. नट बरोबर. नटी बरोबर. कथा, गीत, संगीत, दिग्दर्शन. दहा झाले तेव्हा काकांनी बाकाची कड धरली होती. अकरावं नाव मी मनात आधी वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं. पुरस्कार आईच्या सिनेमाला मिळाला होता.

टेबलाशी बसलेले दोघे-तिघे वाचक आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, “काका, माझ्यामुळे झालं हे.”

“तुम्ही काय केलं? ऐकलं ते सांगितलं,” ते म्हणाले. “त्याचा राग धरायचा, तर मंग मला कान कशाला पायजेत?” मग डायरी काढून ते म्हणाले, “बाकीचे दहा द्या उतरवून. दहा बराबर आले, हे काय कमी हाय का?”

पुढच्या अंकात परीक्षकांचं मत छापलं होतं. तार येण्याच्या प्रसंगातल्या ध्वनिमिश्रणाचं त्यात खास कौतुक होतं. काकांनी तेही डायरीत उतरवलं, एक शब्द न गाळता. त्यानंतर पाक्षिकाने कुपन बंद केलं. सोहळा त्यांनी कधी पाहिला नाही. काही वर्षांनी टॉकीजमधून निवृत्त होऊन ते जालन्याला मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मला पोस्टकार्ड तेराव्या दिवशी मिळालं.

मला मात्र ते आठवतात ते त्याआधीच्या एका रविवारचे. पुरस्कारामुळे आईच्या सिनेमाच्या नव्या कॉप्या निघाल्या होत्या, आणि त्यातली एक आमच्याकडे आली. मी संध्याकाळच्या खेळाला गेले. पहिल्या रिळापासून आवाज स्वच्छ, एक खरखर नाही. टॉकीज भरलेलं. तो प्रसंग जवळ आला तशी मी सारंग्या सहन करायची तयारी केली. थाप पडली. दार उघडलं. शिपाई दिसला.

आणि काहीच ऐकू आलं नाही. पूर्ण मिनिटभर. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने मांडीवरच्या मुलाला थोपटणं थांबवलं. मग भांडं पडलं, आणि त्याचा आवाज अगदी वेळेवर आला.

खेळ सुटल्यावर मी लोखंडी जिना चढून केबिनपर्यंत गेले. काका रीळ उलटं गुंडाळत होते.

“कॉपी नवी आहे ना, काका?”

“करकरीत.”

“मग आवाज?”

त्यांनी मशीनशेजारच्या आवाजाच्या बटणाकडे मान वळवली. “शुक्रवारपासून रोज प्रत्येक खेळाला त्या जागी हात ठेवून बसून राह्यलो.”

“पण त्या माणसाचं काम आहे ते. त्याला पुरस्कार मिळालाय त्याचा. आपण हात लावणं बरोबर नाही.”

“न्हाई बराबर,” ते लगेच म्हणाले. “तो कधी अंबडला आला, तर मी त्याची माफी मागंन. समोर उभं राहून.” रीळ संपलं. ते त्यांनी डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे कान केला.

“तुम्ही खाली होत्या ना. कुणी बोललं का, बाई, त्या वेळेला?”

“नाही,” मी म्हटलं. “कोणीच नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खेळाचं पहिलं रीळ मशीनवर चढवायला घेतलं.