उजव्या डोळ्यातली शशी

भुताखेताचं लिहिणाऱ्यांची या ग्रुपवर मी लई खेचलेली हाय, आता तुम्ही माझी खेचा... हरकत न्हाई. आपण भोकरचे. स्मशानाच्या भिंतीला स्टंप काढून क्रिकेट खेळलेलो.

दोन वर्षं मी लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात होतो, पडद्याचा फोटो काढायच्या मशीनवर. गल्ली सगळी क्लासेसची. पेशंटची हनुवटी टेकवायची, एक डोळा पट्टीनं झाकायचा, दुसऱ्यानं आतली हिरवी खूण बघायला सांगायची. तेवढ्यात मशीनमागं मी डॉक्टरांची नक्कल करायचो — मान तिरकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आवाज न काढता. पेशंटला दिसायचा प्रश्नच न्हाई.

एक पेशंट मावशी यायच्या, औशाकडच्या, भूकंपानंतर वसवलेल्या गावच्या. नात क्लासला, तिला भाकरी करून घालायला लातुरात रूम करून राहिलेल्या. डावा डोळा आधीच अधू. उजव्याला कडेकडेचं दिसायचं, मधोमध काळा डाग. फोटोत तिथं पडद्याखाली पाणी साचलेलं, उजेड पकडणाऱ्या पेशींची ओळ तुटलेली. मी सवयीनं मान तिरकी केली... अन् मावशी हसल्या.

"शशी डॉक्टरांची नक्कल करायलीय."

शशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. भूकंपात गेली. गावभराच्या नकला करायची म्हणे. आता त्या डागात दिसती, म्हणाल्या. मी गुपचूप जीभ काढली.

"बघ, जीभ काढली."

डॉक्टर म्हणाले, दिसत न्हाई ती जागा मेंदू आपल्या मनानं भरतो. जिभेचं मी त्यांना सांगितलं न्हाई... नोकरी होती. डोळ्यात इंजेक्शन घ्या, न्हाईतर हाही डोळा जाईल, असं त्यांनी बजावलं. मावशी ऐकेनात. सुईची भीती न्हाई. पाणी आटलं की शशी जाईल, ही भीती.

मग एका सकाळी तव्याचा अंदाज चुकला, हात भाजला. नात क्लास बुडवून भाकरी थापायला बसली. त्याच दिवशी मावशी आपणहून इंजेक्शनला आल्या.

महिन्याभरानं परत फोटो. पाणी आटलेलं, ओळ बऱ्यापैकी जुळलेली. शशी दिसती का, मी विचारलं.

"न्हाई रे. नुसती खूण दिसती."

डोळा भरून आला त्यांचा. हसवावं म्हणून मी क्लासच्या एका सरांचा आवाज काढायला तोंड उघडलं — अन् निघाला बाईचा आवाज. नाकातला, बारीक, हजेरी घेणारा. पोरींची नावं एकामागं एक... मला त्यातली एक माहीत न्हाई. थांबायला गेलो, थांबता येईना.

मावशींनी हनुवटी उचलली न्हाई. "आमच्या शाळेतल्या बाई," पुटपुटल्या. जेवायला हाक मारली की उठायचं सोडून शशी रोज हेच करायची म्हणे. चाचपत हात पुढं केला, माझं मनगट धरलं.

"पुरे कर, शशी. जेवून घे."

आवाज तिथंच बंद.

आता मी नांदेडला हाय, मशीन तसलंच. मेंदू रिकामी जागा भरतो, मान्य. पण जागा मावशींच्या डोळ्यात होती अन् गळा माझा... हे मला आजपण सुटलेलं न्हाई. नकला अजून करतो. फक्त घरात जेवायची हाक आली की एका हाकेत उठतो.